आधी दाखवा, मग टाकू

आज घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या शेजारी बसा. त्यांना विचारून त्यांचा फोन हातात घ्या. ॲपांची यादी सावकाश वर-खाली करा आणि एकेका ॲपवर बोट ठेवून विचारा, "आई, हे कशासाठी टाकलंय?" चार-पाच ॲपांचं उत्तर नीट मिळेल. मग एकच वाक्य सुरू होईल: "त्यांनी सांगितलं म्हणून." औषधाच्या दुकानात सूट मिळते म्हणाले, म्हणून टाकलं. दवाखान्यात नंबर त्याच्यावरूनच लागतो म्हणाले. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं सांगितलं. नातवाच्या शाळेनं सांगितलं. एकदा तर काउंटरवरच्या मुलानं फोन मागून घेतला, स्वतःच तीन-चार ठिकाणी दाबलं आणि "झालं, काकू" म्हणून परत दिला.

"त्यांनी सांगितलं म्हणून." घरातली पुंजी गेल्यावर पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून माणसं हेच वाक्य बोलतात. फोन आला, त्यांनी सांगितलं, मी टाकलं.

म्हणून हे आवाहन. वाचून बाजूला ठेवू नका. वाचता वाचताच ठरवा, की काय आहे ते बघितल्याशिवाय आणि समजल्याशिवाय माझ्या घरातल्या कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर काही टाकलं जाणार नाही.

तुम्हाला ॲप टाकायच्या या सक्तीचा वैताग येतो, हे मला माहीत आहे. एखादी वस्तू बघायची असते, एखादी सोय आपल्या कामाची आहे का एवढंच पाहायचं असतं. साइट उघडली की अर्ध्या पडद्यावर पाटी येते: ॲपमध्ये उघडा. कोपऱ्यातली बारीकशी फुली शोधून ती बंद करावी, तर पुढच्या पानावर पुन्हा हजर. शेवटी कंटाळून ॲप टाकावं, तर ते आधी मोबाईल नंबर मागतं. मग ओटीपी. मग तुम्ही कुठे आहात ते. मग तुमच्या फोनमधले सगळे नंबर, फोटो, मेसेज. एवढं दिल्यावर आत जाऊन कळतं की हे आपल्या उपयोगाचंच नाही. ॲप काढून टाकता येतं. दिलेला नंबर परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मेसेज सुरू होतात.

हा वैताग गिळू नका. तो रास्त आहे. साडीच्या दुकानात आपण गादीवर बसतो, वीस साड्या उलगडायला लावतो, पदर बघतो, उजेडात नेऊन रंग बघतो आणि एकही न घेता उठलो तरी दुकानदार "पुन्हा या" म्हणतो. साडी दाखवण्याआधी तो घराची किल्ली मागत नाही. फोनवर मात्र आपण बघण्याआधीच किल्ली देतो, आणि तेच रीतसर आहे असं मानायला लागलोय.

खरं नुकसान या सवयीचं आहे. जागा अडली, वेळ गेला, जाहिराती आल्या, हे सगळं सोसता येईल. पण दिवसातून चारदा कुणीतरी "टाका, नाहीतर काम होणार नाही" म्हणतं, आणि आपलं बोट न वाचता 'अलाऊ', 'अलाऊ', 'नेक्स्ट' दाबायला शिकतं. सभ्य दुकानांनी, शाळांनी, कचेऱ्यांनी लावलेली ही सवय चोराच्या आयती कामाला येते. त्याला कुलूप फोडावं लागत नाही. इतरांसारखाच तोही "हे टाका" म्हणतो, आणि आपण टाकतो.

हे कसं घडतं, ते जवळून बघा. व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. नाव असतं आरटीओ चलान, किंवा पीएम किसान, किंवा गॅसचं बिल, किंवा लग्नाची पत्रिका. नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं असतात. अनेकदा ती ओळखीच्याच नंबरावरून आलेली असते, मामाच्या, शेजाऱ्यांच्या, गावच्या ग्रुपवरच्या कुणाच्या तरी. कारण त्यांचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. तुम्ही फाईल दाबता. फोन स्वतः अडवतो, सांगतो की ही अनोळखी ठिकाणची फाईल आहे. खाली 'सेटिंग्ज' असं लिहिलेलं असतं. तिथे जाऊन एक बटण सरकवलं की अडथळा दूर. ॲप बसतं. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तुम्ही देता. कधी ते 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतं. ती खरं तर दिसायला-ऐकायला त्रास असलेल्यांच्या मदतीसाठी केलेली सोय आहे. ती चोराच्या ॲपला मिळाली, की पडद्यावरचं सगळं त्याला वाचता येतं आणि तुमच्याऐवजी तोच बटणं दाबू शकतो. मग ॲपचं चिन्ह गायब होतं. तुम्हाला वाटतं फाईल बिघडलेली होती. तुम्ही फोन ठेवून जेवायला बसता.

त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या आधी तो वाचतो.

तर पहिली गोष्ट करा, आणि आजच करा. व्हॉट्सॲपवर किंवा मेसेजमध्ये आलेली एपीके फाईल उघडू नका. कुणीही पाठवलेली असो, सख्ख्या भावानं पाठवलेली असली तरी नाही. आधी त्याला फोन लावा आणि "हे तू पाठवलंस का?" असं विचारा. लग्नपत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. तिला बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. चलान भरायला वाहतूक पोलीस व्हॉट्सॲपवर ॲप धाडत नाहीत. चलानाची शंका आली, तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहनच्या सरकारी साइटवर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघा.

मग फोनच्या सेटिंग्जमध्ये जा आणि वरच्या शोधाच्या चौकटीत 'अननोन ॲप्स' असं टाका. 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' नावाची यादी उघडेल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर अशी नावं असतील. प्रत्येकासमोर परवानगी बंद आहे ना, ते बघा. चालू असेल तर बंद करा. चहा उकळेपर्यंत हे काम होतं. आईच्या फोनवर करा. सासऱ्यांच्या फोनवर करा. घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या फोनवरही, त्यांना दाखवून, त्यांना समजेल असं सांगून करा. त्यांचा फोन स्वस्तातला असेल, पण त्याच फोनशी जोडलेल्या खात्यात त्यांच्या लेकीच्या शिक्षणाचे पैसे आहेत.

धोका फोनवरच आहे असं समजू नका. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं म्हणून कुणी शोधत जातं, पहिली दिसेल त्या साइटवरून 'फ्री मराठी टायपिंग' उतरवतं, आणि 'नेक्स्ट' दाबत गेलं की त्याबरोबर आणखी दोन-तीन अनाहूत प्रोग्रॅम मशीनमध्ये येऊन बसतात. खुणेच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवलेली असते. आपण ती काढली नाही, म्हणजे आपण होकार दिला असं धरतात. जगभर ही चाल वर्षानुवर्षं चालली. जावा उतरवताना त्याबरोबर आस्क टूलबार येत असे, आणि तो ब्राउझरमधून काढता काढता लोक हैराण होत. २०१५ मध्ये उघड झालं की लेनोवोच्या काही लॅपटॉपांत विकण्याआधीच सुपरफिश नावाचा प्रोग्रॅम घालून दिलेला होता. तो जाहिराती घुसडायचाच, पण त्याच्यामुळे बँकेच्या साइटशी होणारं सुरक्षित बोलणंही चोरून ऐकता येईल अशी भेग पडली होती. पैसे मोजून विकत घेतलेल्या नव्या कोऱ्या मशीनची ही गत.

म्हणून नवं काही उतरवण्याआधी विचारा, हे मुळात उतरवावं लागतं का? मराठी टायपिंगचंच घ्या. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीच असतो. २०१९ मध्ये तर 'namaste' लिहिलं की 'नमस्ते' उमटावं तसा, रोमन अक्षरांत लिहून मराठी मिळणारा फोनेटिक कीबोर्डही विंडोज १० मध्ये आला. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायची, एवढंच. डिजिलॉकर ब्राउझरमध्ये उघडतो. सातबारा महाभूमीच्या साइटवर ॲप न टाकता मिळतो. पीएम किसानचं ई-केवायसी सेवा केंद्रात बोटाचा ठसा देऊन होतं. बँकेतली शिल्लक बघायला आणि पैसे पाठवायला *९९# आहे. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. या सोयी आहेतच. फक्त काउंटरमागचा माणूस त्या आपणहून सांगत नाही. तुम्ही विचारा.

विचारायला संकोच वाटतो, हेही मी समजू शकते. मागे रांग असते. समोरचा मुलगा घाईत असतो. "सगळेच टाकतात, काकू," असं तो म्हणतो आणि आपल्यालाच अडाणी वाटायला लागतं. त्या क्षणी मागे हटू नका. शांतपणे सांगा, "मी ॲप टाकणार नाही. त्याशिवाय कसं करायचं ते सांगा." दहातल्या एखाद्या वेळी काम खरंच अडेल. बाकी वेळा कुठून तरी एक वही निघते, एक छापील अर्ज निघतो, एक साइट निघते.

आणि कायदा तुमच्या बाजूला आहे, हे ध्यानात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विषयीची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ग्राहकाला फसवून किंवा रेटून काहीतरी करायला लावणारे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत, आणि ते करायला मनाई आहे. त्यातला एक प्रकार सक्तीचा: एका सेवेसाठी आलेल्या माणसाला दुसरंच, संबंध नसलेलं ॲप उतरवायला भाग पाडणं, किंवा सेवा देण्याच्या बदल्यात त्याच्या ओळखीच्यांचे नंबर मागणं. दुसरा प्रकार पिच्छा पुरवण्याचा, आणि त्याचं उदाहरण म्हणून साइटनं पुन्हा पुन्हा 'आमचं ॲप उतरवा' म्हणणं हेच दिलेलं आहे. म्हणजे ज्याचा तुम्हाला वैताग येतो, ते सरकारनंही गैर ठरवलंय. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. लावा. तुमच्या एका तक्रारीनं काय होणार, असं मनात आणू नका. तक्रारी आल्याच नाहीत, तर कुणाला त्रासच नाही असं धरलं जातं.

कर्ज देणाऱ्या ॲपांबद्दल तर जास्तच सांगायला हवं, कारण त्यांनी घरं मोडली आहेत. अडचणीतल्या माणसाला पाच-दहा हजार लगेच हवे असतात. ॲप फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलतं. हप्ता चुकला की सासरी, कचेरीत, मुलीच्या मैत्रिणींना फोन जातात, फोटो विद्रूप करून पाठवले जातात. अब्रूच्या भीतीनं जीव दिलेली माणसं या देशात झाली आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलंय की कर्जाच्या ॲपनं फोनमधले नंबर, कॉलची नोंद, फोटो आणि फाइली यांना हात लावायचा नाही. जे ॲप हे मागतं, ते नियम मोडतंय. त्याच क्षणी मागे फिरा. आणि तुमच्या कुटुंबात कुणी असं कर्ज घेतलं असेल, तर आधी ओरडू नका. जवळ बसवा, पाणी द्या, सगळं ऐकून घ्या, आणि त्याच्यासोबत तुम्ही पोलीस ठाण्यात जा. एकटं सोडू नका.

लोकांनी आवाज केला तर सक्ती मागे घेतली जाते, हे आपण नुकतंच पाहिलंय. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं कंपन्यांना सांगितलं की नव्या प्रत्येक फोनमध्ये संचार साथी हे ॲप आधीच घालून द्या. ॲपचा हेतू वाईट नव्हता. हरवलेला फोन बंद करणं, आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासणं, ही कामं उपयोगाचीच आहेत, आणि ती संचार साथीच्या साइटवरूनही होतात. पण बातमी बाहेर आली आणि लोकांनी विचारलं: न विचारता का? चहूकडून विरोध झाला. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. एवढ्या मोठ्या यंत्रणेला लोकांचं ऐकावं लागलं, तर तुमच्या सोसायटीच्या कमिटीला आणि मुलांच्या शाळेलाही ऐकावं लागेल.

तर सोसायटीच्या पुढच्या सभेत उठून बोला. शाळेच्या पालकसभेत बोला. "ज्यांना ॲप नको त्यांच्यासाठी दुसरी सोय काय?" एवढा एकच प्रश्न मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावा. हे ॲप कुणी बनवलंय, मुलांची नावं, फोटो, घरचा पत्ता कुठे साठवला जातो, शाळा सोडली की ते सगळं पुसलं जातं का, तेही विचारा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होते आहे. त्या कायद्यातच एक उदाहरण आहे: दूरवरून वैद्यकीय सल्ला देणारं ॲप रुग्णाच्या फोनमधल्या नंबरांचीही परवानगी मागतं, रुग्ण दोन्हीला हो म्हणतो, तरी त्याची संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण नंबरांची तिथे गरजच नव्हती. कामापुरतंच मागा, हा हिशेब आता कायद्यानंही मान्य केलाय. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे सांगा. त्यांनाही बहुधा कंपनीच्या माणसानं "सगळ्या शाळा घेतायत" एवढंच सांगितलेलं असतं.

काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचंय. तुम्ही दुकान चालवता, दवाखाना चालवता, बँकेत खिडकीवर बसता. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातून फोन घेऊन स्वतः 'अलाऊ' दाबू नका. आज तुम्ही घेतलात, उद्या दुसरा कुणी मागेल आणि ती माउली तितक्याच विश्वासानं फोन त्याच्याही हातात देईल. ॲपऐवजी नंबर वहीत लिहून घ्या. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत बसून ही ॲपं घडवणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या मीटिंगमध्ये "इन्स्टॉल वाढवा" असं लक्ष्य येतं, मान्य. तरीही एकदा हात वर करा. आधी ब्राउझरमध्ये बघू द्या, नंबर न मागता वापरून बघू द्या, आवडलं तर लोक आपणहून टाकतील, असं म्हणा. तुमचीही आई गावी एकटीच फोन हाताळते.

गावातलं तर आणखी अवघड आहे. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आली. शेतकऱ्याला ती नोंद टाळता येत नाही. नुकसानभरपाईपासून खरेदीपर्यंत त्या नोंदीची गरज पडते. म्हणून "शेतीचं ॲप आलंय" म्हटलं की तो टाकतो, आणि नेमकी त्याच नावाची खोटी फाईल ग्रुपवर फिरते. तुम्ही गावातली कॉलेजला जाणारी मुलं असाल तर हे काम तुमचं. पारावर, डेअरीत दूध घालायला आलेल्यांना, विकास सोसायटीच्या दारात उभ्या असलेल्यांना दाखवा: खरं ॲप प्ले स्टोअरवरून, नाव वाचून, बनवणारं खातं बघून घ्यायचं, ग्रुपवर आलेल्या फाइलीतून कधीच नाही. पेरणीसाठी उचललेलं पीककर्ज एका रात्रीत खात्यातून गेलं, तर त्या घराचा हंगाम जातो.

आता शेवटचं, आणि सगळ्यात घाईचं. फाईल दाबली गेली असेल, कुणीतरी सांगितलं म्हणून एनीडेस्कसारखं पडदा दाखवणारं ॲप टाकलं गेलं असेल, तर विचार करत बसू नका. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. सिम काढा आणि साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी चोराच्या ॲपपर्यंत पोचणार नाहीत. दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर, १९३०, लावा. मग बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, तुम्ही कळवल्यानंतर जे जाईल त्याचा भार बँकेवर येतो. म्हणून कळवल्याची वेळही लिहा. ते सिम घातलेल्या फोनवरून *#२१# लावून तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघा, वळवले असतील तर ##००२# लावून ते बंद करा. फोन जाणकाराकडून रिसेट करून घेण्याआधी त्या फाइलीचे, मेसेजचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा; पोलिसांना लागतील.

चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत सरकत असतात. मधल्या एखाद्या खात्यात ते असेपर्यंत कळवलंत, तर तिथे गोठवता येतात. उशीर केलात, तर माग काढणं अवघड होत जातं. म्हणून लाज वाटली तरी बोला. नवऱ्याला काय वाटेल, सून काय म्हणेल, हे नंतर. आणि घरच्यांनो, आईनं "माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं" म्हटलं, तर "तुला किती वेळा सांगितलं" हे वाक्य तोंडातून बाहेर काढू नका. तिनं सांगितलं, हेच मोठं काम केलं. तुम्ही १९३० लावा. तोवर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आपल्या फोनवरून तिच्या सगळ्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या, भिशीच्या, भजनी मंडळाच्या, कळवून टाका: आईच्या नंबरावरून आलेली फाईल उघडू नका, उघडली असेल तर नेट बंद करा आणि आम्हाला फोन करा.